वालुकाश्माचा मुलूख आणि त्याचा नकाशा

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या सरहद्दी जेथे एका बिंदूत मिळतात, त्या बिंदूभोवती पसरलेले कोलोरॅडो पठार हे दीडशे वर्षांहून अधिक काळ भूमापनशास्त्राचे कसोटीचे क्षेत्र होऊन राहिले आहे. समुद्रसपाटीपासून बहुतांशी दीड हजार मीटरांहून उंच, पर्जन्याने उपेक्षिलेला, वस्तीने विरळ, आणि आडव्या थरांत साचलेल्या वालुकाश्माच्या कड्यांनी व घळयांनी चिरफाळलेला असा हा मुलूख आहे. अमेरिकेच्या सलग भूभागातील जी नदी आणि जी पर्वतरांग नकाशावर सर्वांत शेवटी चढली, ती दोन्ही याच मुलखातली होत. आज त्याचा एकही कोपरा अमापित राहिलेला नाही असे सरकारी दप्तर सांगते, आणि ते खरेही आहे. तथापि या भूमीचा नकाशा कसा काढावा, त्यात काय दाखवावे, काय वगळावे आणि तो पुरा झाला असे केव्हा म्हणावे, याविषयी जाणकारांत अद्याप एकमत नाही. त्या मतभेदाची पूर्वपीठिका, त्यातील प्रमुख पक्ष आणि न सुटलेले प्रश्न यांचा आढावा घेण्याचा येथे हेतू आहे.

अडचणीचे मूळ

सह्याद्रीच्या सहवासात ज्यांची नजर तयार झाली आहे, त्या मराठी वाचकास या भूमीची कल्पना करणे फारसे कठीण जाऊ नये. कारण आपल्याकडील काळ्या पाषाणाचे थरही आडवेच पसरलेले आहेत, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी समोच्च रेषा एकमेकींत मिसळून त्यांचा एक जाड पट्टाच होऊन जातो, हे नकाशे वाचणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. फरक आहे तो खडकाच्या स्वभावात. विंगेट नावाचा वालुकाश्म हा चिनली नावाच्या मऊ, ठिसूळ थरावर बसलेला असतो. खालचा थर झिजला की वरचा आधार सुटून सरळ उभा तुटतो, आणि शेकडो फूट उंचीचे, मैलोगणती अखंड चालणारे कडे तयार होतात. त्याच्या वरचा नावाहो वालुकाश्म, जो मूळचा वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचाच आहे, तो असा तुटत नाही. तो घुमटाकार गोलाई धारण करतो, आणि त्याच्या उघड्या पाठीवर माणसाने कोठे चालावे व कोठे पाय घसरेल हे शेजारी उभे राहिल्यावाचून सांगता येत नाही. सीडर मेसा नावाचा आणखी जुना थर सुळक्यांत आणि चक्रव्यूहासारख्या घळयांत कोरला गेला आहे. या सर्वांतून कोलोरॅडो, ग्रीन आणि सान हुआन या नद्या व त्यांचे असंख्य कोरडे ओढे वाट काढत गेले आहेत. यूटा-ॲरिझोनाच्या सीमेवरील बक्स्किन गल्च ही घळ २० किलोमीटरांहून अधिक लांब असून तिच्या काही भागात दोन्ही हात पसरले असता दोन्ही भिंतींना लागतात.

अशा भूमीत समोच्च रेषेच्या पद्धतीचे मूळ गृहीतच डळमळते. सपाटीवरील प्रत्येक बिंदूला एक आणि एकच उंची असते, या गृहीतावर ती पद्धत उभी आहे. उभ्या कड्यावर अनेक उंच्या एकाच बिंदूवर येऊन थांबतात. पुढे झुकलेल्या कड्याखाली खालची रेषा वरच्या रेषेच्या पोटात शिरते. आणि नैसर्गिक कमानीच्या ठिकाणी तर वरचा खडक, मधली पोकळी आणि खालची जमीन अशा तीन गोष्टी एकाच बिंदूवर असतात. त्यातच दोन रेषांमधील अंतराचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या प्रमाणित पत्रकांवर या भागात दोन समोच्च रेषांतील अंतर बहुधा ४० फूट असते. म्हणजे एखाद्या ओढ्याच्या पात्रातील ३५ फुटांची सरळ उडी, जी तेथून उतरणाऱ्या माणसाचा मार्ग पुरता अडवते, ती दोन रेषांच्या मध्ये कोणतीही खूण न सोडता लुप्त होऊ शकते. रेषा चुकीची नसते, मोजणीही चुकीची नसते, आणि तरीही त्या पत्रकावर विसंबून चाललेला मनुष्य संकटात सापडतो. पुढील सर्व वादाचे बीज या एका वस्तुस्थितीत आहे.

आरंभीची मोजणी

या प्रदेशाचे पहिले कागदी चित्र स्पॅनिश अमदानीतले. १७७६ साली दोमिंगेस आणि एस्कालान्ते या दोन धर्मगुरूंनी सांता फे येथून कॅलिफोर्नियाची वाट शोधण्यासाठी जी फेरी काढली, तिच्यासोबत बेर्नार्दो मिएरा इ पाचेको हा नकाशाकार होता. परतीच्या प्रवासात कोलोरॅडो नदीचा उतार सापडेना म्हणून या मंडळींना कित्येक दिवस कड्यांच्या काठाने फिरावे लागले, आणि नोव्हेंबरात अखेर खडकात पायऱ्या खोदून जनावरे खाली उतरवावी लागली. मिएराच्या नकाशात नद्यांचे प्रवाह काही ठिकाणी कल्पनेने जोडलेले आहेत, आणि पश्चिमेकडे वाहणारी त्याची सान बुएनाव्हेंतुरा नदी पुढे कित्येक दशके इतरांच्या नकाशांवर निष्कारण वाहत राहिली. पण या मुलखातल्या रहिवाशांची नावे व वस्त्या त्याने ज्या आस्थेने नोंदल्या, तशी आस्था पुढील शतकातल्या लष्करी नकाशांत क्वचितच आढळते.

अमेरिकी सैन्याच्या १८५७-५८ च्या आइव्हज मोहिमेत आणि १८५९ च्या मॅकोम मोहिमेत या भूमीचे शास्त्रीय दर्शन प्रथम घडले. दोन्ही मोहिमांत जॉन न्यूबेरी हा भूशास्त्रज्ञ होता, आणि दोन्हींचे नकाशे एगलॉफस्टाइन या मूळच्या जर्मन कलावंताच्या हातचे होते. त्याने उतार दाखविण्यासाठी आखूड रेषांचे जाळे विणण्याची प्रचलित रीत सोडून, एका बाजूने उजेड पडलेल्या मातीच्या प्रतिकृतीसारखी छाया आपल्या नकाशात उतरविली, आणि ज्या भागात कोणी गेले नव्हते तो भाग कोराच ठेवला. अज्ञात ते अज्ञात म्हणून मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या कलेइतकाच मोलाचा वाटतो.

कोऱ्या राहिलेल्या त्या भागात २४ मे १८६९ रोजी जॉन वेस्ली पॉवेल याने नऊ माणसे व चार नावा घेऊन प्रवेश केला. शायलोच्या लढाईत उजवा हात गमावलेला हा मनुष्य पाऱ्याचे वायुभारमापक जपत नदीतून निघाला होता. कारण उंची मोजण्याचे त्याच्याजवळ दुसरे साधन नव्हते. जूनमध्ये लोडोरच्या घळईत एक नाव फुटली, तेव्हा सर्व वायुभारमापक तिच्यात होते आणि मोहिमेचे शास्त्रीय प्रयोजन काही काळ संपल्यासारखेच झाले. सुदैवाने नावेचा एक तुकडा खडकाला अडकला होता व यंत्रे त्यात शाबूत मिळाली. ३० ऑगस्ट रोजी ही मोहीम व्हर्जिन नदीच्या संगमावर पोहोचली, पण तिच्या नोंदी नकाशास पुरेशा नव्हत्या. पुढील वर्षी काँग्रेसने १०,००० डॉलरांची तरतूद मंजूर केली आणि १८७१-७२ ची दुसरी मोहीम खऱ्या अर्थाने मोजणीची मोहीम झाली.

या दुसऱ्या मोहिमेचे श्रेय पॉवेलपेक्षा त्याचा मेहुणा ॲल्मन हॅरिस थॉम्प्सन याला अधिक जाते. इलिनॉयमध्ये शाळांवर देखरेख करणारा हा शांत वृत्तीचा गृहस्थ मोहिमेचा मुख्य मोजणीदार होता. १८७१-७२ च्या हिवाळ्यात कानब या मॉर्मन वसाहतीजवळ त्याने पायारेषा मोजून घेतली, आणि तिच्यावर त्रिकोणांची साखळी उभारून उंच माथ्यांची स्थाने निश्चित केली. १८७२ च्या वसंतात डर्टी डेव्हिल नदीच्या मुखाशी ठेवलेली एक नाव आणण्यासाठी तो खुष्कीने निघाला असता त्याच्या मंडळींना एका नदीचे खोरे लागले, आणि हीच डर्टी डेव्हिल असे सर्वांनी गृहीत धरले. थॉम्प्सनने उंचावरून तिचा रोख पाहिला, तो आधी मोजलेल्या मुखाच्या दिशेशी जुळेना. तेव्हा ही नोंद न झालेली निराळीच नदी आहे असे त्याने ठरविले आणि एस्कालान्तेचे नाव तिला दिले. वास्तविक आदल्या वर्षी नावेतून जाताना तिच्या मुखावरून ही मंडळी गेलेली होती, पण अरुंद फटीतून येणारा तो प्रवाह नदी म्हणून कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. त्याच प्रवासात तिच्यापलीकडची हेन्री पर्वतरांग नकाशावर आली. या मोजणीतील मुलखाची घडण किती गुंतागुंतीची होती, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाही.

रेषा आणि छाया

१८७० च्या दशकात पश्चिमेकडील प्रदेशात चार निरनिराळ्या सर्वेक्षणांची कामे एकाच वेळी चालू होती: किंग, हेडन, पॉवेल आणि सैन्याचा लेफ्टनंट व्हीलर. १८७३ मध्ये व्हीलर व हेडन यांच्या तुकड्या कोलोरॅडोत एकाच भूमीवर समोरासमोर आल्या आणि पुढील वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली. वाद वरकरणी लष्करी व मुलकी अधिकाराचा होता, पण त्याच्या पोटात नकाशाच्या प्रयोजनाचा प्रश्न होता. सैन्याला वाटा, पाणवठे आणि जनावरांना चारा कोठे मिळेल हे हवे होते. त्यांच्या नकाशांत उतार आखूड रेषांनी सुचविलेला असे. मुलकी पक्षाला भूशास्त्राची नोंद ज्यावर मांडता येईल असा उंचीचा पाया हवा होता, म्हणून त्यांनी समोच्च रेषा पत्करल्या. हेडनच्या १८७७ च्या कोलोरॅडो ॲटलासने या दुसऱ्या पक्षाचे बळ वाढविले, आणि ३ मार्च १८७९ रोजी जुनी सर्वेक्षणे बंद करून भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते स्थापन झाले. १८८१ पासून त्याची सूत्रे पॉवेलकडे होती. त्याच्या कारकिर्दीत एकास अडीच लाख या प्रमाणावर या भागाची जी पत्रके निघाली, त्यांत समोच्च रेषांतील अंतर २५० फूट होते. त्या स्थूल, पण चौकस पत्रकांवर पुढील अर्धशतकाहून अधिक काळ अनेक भूशास्त्रज्ञ आणि प्रवासी विसंबून राहिले.

समोच्च रेषेच्या पक्षाचा सर्वोत्कृष्ट पुरावा फ्रांस्वा मॅथेस याच्या कामात आहे. आम्स्टरडॅम येथे जन्मलेल्या या मोजणीदाराने १९०२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या मोजणीस आरंभ केला. प्रमाण एकास ४८,००० आणि रेषांतील अंतर ५० फूट. तिपाईवर बसविलेली सपाट फळी, तिच्यावर ताणलेला कागद आणि दुर्बीण लावलेली पट्टी, एवढ्या सरंजामाचे प्लेन टेबल हे त्याचे प्रमुख साधन होते. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रकेही याच साधनाने घडली आहेत. दोन ठिकाणांहून एकाच सुळक्याकडे पट्टी रोखून रेषा ओढल्या की त्यांच्या छेदाने सुळक्याचे स्थान ठरते, दुर्बिणीच्या कलावरून उंची मिळते, आणि मधली भूमी मोजणीदार डोळ्यांसमोर पाहत कागदावर उतरवितो. या पाहत उतरविण्यातच मॅथेसचे सामर्थ्य होते. ग्रँड कॅन्यनचे भाग्य असे की ती काठावरून खाली दिसते, समोरच्या भिंतीवरचा प्रत्येक थर उघडा पडलेला असतो. त्यामुळे रेडवॉल चुनखडीची सरळ भिंत आणि तिच्यावरचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार यांतील भेद त्याच्या रेषांच्या गर्दीतून व विरळीतून स्पष्ट वाचता येतो. जेथे काठावरून तळ दिसतच नाही, अशा उत्तरेकडील अरुंद घळयांच्या प्रदेशात हेच साधन अपुरे पडले.

मॅथेसच्या पत्रकांवरील नावे मराठी वाचकास थबकायला लावतात. त्यापूर्वी १८८२ च्या आपल्या ग्रंथात क्लॅरेन्स डटन याने तेथील शिखरांना विष्णुमंदिर, शिवमंदिर अशी नावे दिली होती. त्या ग्रंथासोबत विल्यम हेन्री होम्स याने काढलेली विस्तीर्ण दृश्यचित्रे आजही भूशास्त्रज्ञ प्रमाण मानतात. मॅथेसने तीच परंपरा पुढे चालविली. आपल्या देवतांची नावे त्या परमुलखात पाहून क्षणभर संतोष वाटतो हे खरे, परंतु त्या शिखरांना हावासुपाय, पाययूट, होपी व नावाहो या तेथील लोकांची स्वतःची नावे व कथा होत्या, आणि ती विचारण्याची तसदी त्या वेळी क्वचितच कोणी घेतली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नदीवरून आणि आकाशातून

१९२१ ते १९२३ या काळात मोजणीचे काम पुन्हा नदीवर आले, कारण आता धरणांच्या जागा हव्या होत्या. क्लॉड बर्डसाय याच्या नेतृत्वाखालील १९२३ च्या तुकडीने ग्रँड कॅन्यनमधून नदीच्या पात्राचा सलग उंचीछेद घेतला. त्यांच्याजवळच्या रेडिओवर अध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनाची बातमी घळईच्या तळाशी ऐकू आली. पॉवेलच्या नावा बुडाल्याची खोटी बातमी देशभर पसरली होती आणि ती खोडून काढण्याचा मार्ग त्या मंडळींपाशी नव्हता, त्या काळापासून अवघ्या ५४ वर्षांत घडलेले हे स्थित्यंतर होते.

विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून उंची काढण्याची कला दुसऱ्या महायुद्धानंतर सार्वत्रिक झाली, आणि १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधाने या पठाराच्या छायाचित्रणाला व पत्रकांना मोठी निकड प्राप्त करून दिली. एकास २४,००० या प्रमाणावरील पत्रकांची देशव्यापी मालिका १९९० च्या दशकाच्या आरंभी पुरी झाली. विरळ वनस्पतीमुळे वाळवंटातली जमीन छायाचित्रात उघडी दिसते, हा मोठा लाभ होता. पण खोल घळयांच्या तळाशी सावली असे, आणि तेथे रेषा ओढणाऱ्याला अनुमानावर चालावे लागे. त्या मालिकेच्या निर्मितीत मोजणीदार प्रत्यक्ष जागेवर जाऊन पत्रकाची रुजुवात करीत असत, वाटा व झरे पाहत आणि स्थानिकांना नावे विचारीत. याचे महत्त्व पुढे येईल.

आजचे पक्ष

मोजमापाच्या अचूकतेचा प्रश्न बहुतांशी सुटत आला, तसतसा चित्रणाचा प्रश्न अधिक तीव्र झाला. येथे तीन पक्ष स्पष्ट दिसतात.

पहिला पक्ष समोच्च रेषेचा. त्याचे म्हणणे असे की रेषा हे मोजता येणारे विधान आहे. वाचक तिच्यावरून उतार काढू शकतो, चढाचा हिशेब करू शकतो, आणि देशातील कोणत्याही पत्रकाशी ते पत्रक ताडून पाहू शकतो. कड्यावर रेषा मिसळतात हा दोष नसून तेथे कडा आहे याची ती प्रामाणिक खूण आहे. या पक्षाच्या मते सुंदर छाया व रंग वाचकाला अशा तपशिलाचा भास देतात की जो मोजलेलाच नसतो.

दुसरा पक्ष खडकचित्रणाचा, आणि त्याचे आधारस्तंभ ब्रॅडफोर्ड वॉशबर्न. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे हे संचालक व गिर्यारोहक १९७१ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या नव्या नकाशाच्या कामास लागले आणि पत्नी बार्बरा यांच्यासह त्यांनी त्यात सात वर्षे घातली. हेलिकॉप्टरने सुळक्यांच्या माथ्यांवर उतरून लेसरने अंतरे मोजली गेली, पायवाटा मोजचाकाने मोजल्या गेल्या. आणि मोजणी संपल्यावर कड्यांचे रेखाटन स्वित्झर्लंडच्या सरकारी भूमापन खात्यातील कलावंतांकडे सोपविण्यात आले. आल्प्सच्या नकाशांवर पिढ्यान्‌पिढ्या घडलेली त्यांची कला अशी की कड्याची प्रत्येक धार, भेग व थर बारीक रेघांनी हाताने काढला जातो. १९७८ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने हा नकाशा एकास २४,००० या प्रमाणावर प्रसिद्ध केला. त्यातला कडा वाचणाऱ्याला कड्यासारखा दिसतो. कोठला थर तुटून खाली दांड आली आहे हे त्यावर बोट ठेवून दाखविता येते. या पक्षावरचे आक्षेपही वजनदार आहेत. असे काम अत्यंत खर्चाचे असून तसा हात असलेले कलावंत जगात मोजकेच उरले आहेत. आल्प्समधील विस्कटलेल्या खडकासाठी घडलेली शैली आडव्या थरांच्या पठारावर जशीच्या तशी लागू पडते काय, याविषयीही शंका आहे. झुरिक येथील तंत्रविद्यापीठात संगणकाकडून अशा रेघा काढवून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते उत्साहवर्धक आहेत, पण हाताच्या कामाची जागा त्यांनी अद्याप घेतलेली नाही.

तिसरा पक्ष म्हणतो की रेषा आणि रेघा दोन्ही कागदाच्या मर्यादेतून जन्मल्या, आणि ती मर्यादा आता राहिलेली नाही. विमानातून लेसरचे स्पंद सोडून परत येणाऱ्या प्रत्येक स्पंदावरून एकेका बिंदूची उंची काढण्याचे लायडर तंत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय उंचीमापन कार्यक्रमाचा कणा आहे; त्याच्या सर्वसाधारण दर्जात प्रत्येक चौरस मीटरास निदान दोन बिंदू आणि सुमारे १० सेंटिमीटरांची उभी अचूकता अपेक्षिलेली असते. या बिंदूंच्या राशीत झुकलेला कडाही मावतो व कमानही मावते. मात्र त्या राशीपासून उंचीचे जे जाळे सार्वजनिक उपयोगासाठी तयार होते, त्यात पुन्हा प्रत्येक चौकटीला एकच उंची दिली जाते, आणि मोजमापात पकडलेली कमान त्या जाळ्यात पुन्हा हरवते. वरून येणारा स्पंद अरुंद फटीच्या तळापर्यंत पोहोचेलच असेही नाही. म्हणून या पक्षातील अनेकांचा आग्रह आता जमिनीवरून आणि लहान मानवरहित विमानांतून घेतलेल्या त्रिमित प्रतिकृतींकडे वळला आहे, जरी राष्ट्रीय उद्यानांत अशी विमाने उडविण्यावर निर्बंध आहेत.

कमानींचे उदाहरण येथे अगत्याचे आहे. आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी नोंदलेल्या आहेत. त्यांतील लँडस्केप आर्च हिचा विस्तार बराच काळ ३०६ फूट सांगितला जाई. कमानींच्या अभ्यासकांनी लेसरने मोजून तो सुमारे २९० फूट ठरविला, आणि झायन उद्यानातील कोलोब आर्चचा २८७. तेव्हा लांबीचा क्रम ठरविण्यासाठी प्रथम विस्तार म्हणजे कोणत्या दोन बिंदूंमधील अंतर, हे ठरवावे लागले. शिवाय या वस्तू टिकाऊ नाहीत: १९९१ मध्ये लँडस्केप आर्चच्या खालच्या बाजूने मोठी शिळा निखळून पडली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. यूटा विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ कमानींची सूक्ष्म कंपने मोजून त्यांच्या स्थैर्याचा अभ्यास करतात. त्यांच्या कामासाठी कोणतीही समोच्च रेषा पुरेशी नाही, त्रिमित प्रतिकृतीच हवी.

या तीन पक्षांत मला स्वतःला वॉशबर्न यांच्या मार्गाविषयी अधिक जिव्हाळा वाटतो, कारण तेथे मोजमाप आणि पाहणे यांची फारकत झालेली नाही. परंतु देशाच्या प्रत्येक पत्रकासाठी तो मार्ग चोखाळता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे.

नावे, पाणी आणि गुप्तता

भूमीच्या आकाराइतकाच गहन वाद नकाशावरील मजकुराचा आहे. १९०९ साली रेनबो ब्रिज या महान नैसर्गिक पुलापर्यंत जी मंडळी पोहोचली, त्यांत विल्यम डग्लस हा सरकारी मोजणीदार होता. पण वाट दाखविणारे नाशा बेगाय व जिम माइक हे पाययूट होते, आणि तो पूल त्यांच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. नकाशावर जे शोध म्हणून नोंदले गेले, त्यांतील पुष्कळसे असेच आधी ज्ञात होते. भौगोलिक नावांचे सरकारी मंडळ १८९० पासून अस्तित्वात आहे. त्याने २०१७ मध्ये मोआबजवळच्या एका घळईचे अवमानकारक नाव बदलून ते ग्रँडस्टाफ कॅन्यन केले, आणि २०२२ मध्ये ग्रँड कॅन्यनमधील इंडियन गार्डनला हावासुपाय गार्डन्स हे नाव दिले. काहींना हा न्याय पुरेसा वाटतो. झूनी लोकांच्या संग्रहालयाने चालविलेला चित्रनकाशांचा उपक्रम याहून पुढे जातो: त्यांच्या चित्रकारांनी पूर्वजांच्या प्रवासाची भूमी स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या खुणांनी रंगविली असून त्यांत प्रमाण नाही की उत्तर दिशेचा बाणही नाही. अशी चित्रे सरकारी पत्रकांची जागा घेण्यासाठी काढलेली नाहीत. भूमीचे ज्ञान एकाच रीतीने नोंदता येते हा समज दुरुस्त करणे, एवढेच त्यांच्या पुरस्कर्त्यांचे मागणे आहे.

दुसऱ्या टोकाला, काही गोष्टी नकाशावर मुळीच नसाव्यात असे म्हणणारे आहेत. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदेच्या कायद्यानुसार सरकारी भूमीवरील प्राचीन स्थळांची जागा सामान्यतः प्रकट करता येत नाही. जुन्या पत्रकांवर मात्र काही ठिकाणी भग्नावशेष असा शब्द छापलेला आढळतो. बेअर्स इअर्स परिसरातील प्राचीन वस्त्यांची लूट ध्यानी घेता हे मौन योग्यच आहे असे पुरातत्त्वज्ञ व आदिवासी प्रतिनिधी मानतात. उलट बाजूने सांगितले जाते की ज्या जागेची नोंदच सार्वजनिक नाही तिचे रक्षण करण्यासाठी लोकमत उभे राहत नाही. आणि खासगी मोबाईल नकाशांवर ती जागा पसरतच असेल, तर सरकारी मौनाने काय साधते? दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे.

पाण्याचा प्रश्न त्या मानाने सरळ, पण जीवनमरणाचा. झरे, आणि पावसानंतर कातळात पाणी धरून ठेवणारे खळगे व टाकी, यांवर येथील प्रवास अवलंबून असतो. नकाशावरची निळी खूण त्या पाण्याचा ऋतू सांगत नाही, ते आटले असल्यास तेही सांगत नाही.

जे अनिर्णित आहे

संदर्भपातळीचा प्रश्न तांत्रिक असला तरी टाळण्यासारखा नाही. जुनी पत्रके १९२७ च्या आडव्या आणि १९२९ च्या उभ्या संदर्भावर बांधलेली. नवी १९८३ व १९८८ च्या. या प्रदेशात आडवा फरक पन्नास मीटरांहून अधिक पडतो, उभा दोन-तीन फुटांचा. आणि आता या संदर्भांचीही जागा उपग्रहांवर व गुरुत्वाकर्षणाच्या मापांवर आधारलेली नवी चौकट घेत आहे. अरुंद घळयांच्या मुलखात पन्नास मीटर म्हणजे एक घळ सोडून दुसरीत शिरणे होय.

याहून विकट प्रश्न ग्लेन कॅन्यनचा आहे. १९६३ मध्ये धरणाची दारे बंद झाली आणि पॉवेलच्याच नावाच्या सरोवराने एस्कालान्तेचे मुख, मिएराच्या मंडळींनी पायऱ्या खोदलेला तो उतार आणि असंख्य घळया पोटात घेतल्या. नकाशांवर सरोवराचा काठ पूर्ण पातळीवर, म्हणजे ३,७०० फुटांवर, दाखविला जातो. २०२३ च्या हिवाळ्याअखेर पाणी सुमारे ३,५२० फुटांपर्यंत उतरले होते. तळाच्या नव्या मोजणीवरून असे दिसते की १९६३ ते २०१८ या काळात गाळामुळे साठवणक्षमता ६.८३ टक्क्यांनी घटली. तेव्हा पाण्याबाहेर येणारी भूमी ही धरणापूर्वीच्या पत्रकांतली भूमी नव्हे. ओढ्यांच्या मुखाशी गाळाचे थर आहेत, ते पुन्हा कापले जात आहेत, आणि त्यांचे रूप ऋतूगणिक पालटते. छापील पत्रकाने येथे कोणता काठ दाखवावा? पूर्ण पातळीचा काठ हा कायद्याच्या व व्यवस्थापनाच्या सोयीचा, मोजणीच्या दिवशीचा काठ हा निरीक्षणाचा, आणि कालानुसार बदलणारा काठ हा केवळ संगणकीय नकाशातच शक्य. प्रत्येकाचे समर्थक आहेत.

शेवटी रुजुवातीचा प्रश्न. २००९ पासून निघणारी नवी सरकारी पत्रके माहितीच्या साठ्यांतून आपोआप जुळवून काढली जातात आणि ती ठराविक मुदतीने अद्ययावत होतात. जुन्या मालिकेतील पत्रके काही वेळा तीस-चाळीस वर्षे तशीच राहत, त्या मानाने हा मोठा लाभ आहे. पण मोजणीदाराने पत्रक हाती घेऊन भूमीवर फिरण्याची रीत त्याबरोबर संपली, आणि आरंभीच्या नव्या पत्रकांवर पायवाटा व झऱ्यांसारख्या ज्या गोष्टी जुन्यांवर होत्या त्यांतील पुष्कळशा दिसेनाशा झाल्या. त्या हळूहळू परत आणल्या जात आहेत. म्हणूनच अनुभवी प्रवासी आजही जुन्या पत्रकांच्या प्रती, ज्या खात्याने सुमारे १,७८,००० च्या संख्येने संगणकावर चढवून सर्वांना खुल्या केल्या आहेत, त्या नव्यांच्या जोडीला बाळगतात. उद्यानांच्या कर्मचाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावे, आदिवासी शासनांच्या भूमापकांना त्याची सनद व खर्च द्यावा, अथवा स्वयंसेवकांच्या नोंदी तपासून स्वीकाराव्यात, अशा सूचना पुढे येतात. सरकारी खात्याचा स्वयंसेवकांचा उपक्रम आज मुख्यतः शाळा, दवाखाने व टपालकचेऱ्या यांसारख्या इमारतींच्या नोंदींचा आहे. झरे, टाकी आणि घळयांतल्या उतारवाटा यांची जागेवर जाऊन पाहणी कोणी, किती वर्षांनी आणि कोणाच्या खर्चाने करावी, याची तशी व्यवस्था अजून व्हायची आहे.